लॉस एंजेलिसमधील मेक्सिकन कुटुंबांच्या टाको-गाड्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण कॅलिफोर्नियात शिक्षणासाठी वा नोकरीसाठी आलेल्या, किंवा मुलांकडे काही महिने राहायला आलेल्या मराठी वाचकांकडून पदपथावरच्या मेक्सिकन टाको-गाड्यांविषयी सतत विचारणा होत असते. (टाको म्हणजे ‘टॉर्टिया’ या लहान पातळ पोळीत मांस किंवा भाजी घालून दुमडलेला पदार्थ.) त्यांतील पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टाकोची गाडी आणि फूड ट्रक एकच का?

नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने हा फरक फार महत्त्वाचा आहे. ट्रक, ज्याला मेक्सिकन लोक ‘लोंचेरा’ म्हणतात, हे चाकांवरचे बंदिस्त स्वयंपाकघर असते आणि ते रस्त्याच्या कडेला उभे राहते. गाडी उघडी असते, ती ढकलत किंवा वाहनामागे जोडून आणतात आणि पदपथावर लावतात. तिसरा प्रकार मांडवाचा: कापडी छत, दोन-तीन घडीची टेबले, मोठा तवा, दिव्यांची माळ आणि मागे जनरेटर. बोलताना या तिन्हींना लोक सरसकट ‘टाकोवाला’ म्हणतात. येथे मुख्यतः गाडी व मांडव यांविषयी लिहिले आहे.

२. हा धंदा ‘कुटुंबाचा’ आहे असे म्हणतात, तर घरातील कोण काय करते?

संध्याकाळी सहा वाजता लागणाऱ्या गाडीचे काम सकाळीच सुरू झालेले असते. मांस आणायचे, त्याचे पातळ पापुद्रे करायचे, ग्वाहिलो मिरची, आचिओतेच्या लाल बिया, लसूण आणि व्हिनेगर यांच्या वाटणात ते मुरवायचे, कांदा व कोथिंबीर बारीक चिरायची, टोमॅटिओ (टोमॅटोसारखे आंबट हिरवे फळ) आणि मिरच्या भाजून दोन-तीन साल्सा, म्हणजे चटण्या, करायच्या, मुळ्याच्या चकत्या आणि लिंबाच्या फोडी भरायच्या. यातील बहुतेक काम घरातील स्त्रिया करतात आणि गिऱ्हाईकाला ते कधीच दिसत नाही.

गाडीवर बहुधा वडील किंवा काका मांस भाजण्याच्या उभ्या सळईपाशी असतात, आई तव्यावर टॉर्टिया थापते व उलटते, मोठी मुलगी हिशेब आणि इंग्रजी बोलणे सांभाळते, तर धाकटे भाऊ बर्फ, पाणी व जनरेटरकडे पाहतात. शाळकरी मुलगी एका हाताने सुटे पैसे मोजत गिऱ्हाईकाला ‘कोन तोदो?’ म्हणजे कांदा-कोथिंबीर सगळे घालू का, असे विचारते आणि उत्तर येताच मागे न पाहता वडिलांना स्पॅनिशमध्ये हाक देते. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतातून आलेल्या घरांत हीच हाक पुष्कळदा सापोतेक भाषेत जाते. मध्यरात्रीनंतर तवा खरवडणे, टाक्या रिकाम्या करणे आणि पदपथ धुणे उरतेच.

यातील बहुतेकांची मजुरी हिशेबात धरलेली नसते. टाको स्वस्त का पडतो, याचे मोठे कारण हेच आहे. म्हणून एखाद्या गाडीने भाव थोडा वाढवला तर कुरकुर करू नये, असे मला मनापासून वाटते.

३. ही पद्धत लॉस एंजेलिसमध्ये किती जुनी आहे?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या शहरात घोडागाड्यांवरून तामाले (मक्याच्या पिठात सारण भरून पानात वाफवलेला पदार्थ) विकले जात, आणि त्यांना हटवण्याच्या मागण्याही तेव्हापासूनच होत आल्या आहेत. आजच्या टाको-ट्रकच्या इतिहासात १९७४ हे वर्ष मैलाचा दगड मानतात: त्या वर्षी राउल मार्तिनेस यांनी आइस्क्रीमच्या जुन्या ट्रकाचे स्वयंपाकघर करून तो पूर्व लॉस एंजेलिसमधील एका मद्यालयाबाहेर उभा केला, आणि त्यातूनच पुढे ‘किंग टाको’ ही उपाहारगृहांची साखळी उभी राहिली.

२००८ साल दोन कारणांनी लक्षात राहण्यासारखे आहे. काउंटीने, म्हणजे अनेक शहरे मिळून होणाऱ्या जिल्ह्याच्या प्रशासनाने, ट्रक एका जागी तासाभरापेक्षा अधिक उभा ठेवणे हा फौजदारी गुन्हा ठरवला, तेव्हा ‘कार्ने आसादा (भाजलेले गोमांस) हा गुन्हा नाही’ अशी घोषणा घेऊन ग्राहकच पुढे सरसावले आणि त्याच वर्षी न्यायालयाने तो नियम रद्द केला. त्याच वर्षाच्या शेवटी ‘कोगी’ नावाचा कोरियन-मेक्सिकन ट्रक आला आणि ट्रकवरचे खाणे अचानक प्रतिष्ठित झाले. त्या प्रतिष्ठेचा लाभ मात्र पदपथावरच्या साध्या गाड्यांना दहा वर्षे मिळाला नाही. (पुढील हकीकत प्रश्न ११ मध्ये.)

४. अल पास्तोर म्हणजे शावर्माच ना?

मूळ तेच आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लेबनॉन आणि आसपासच्या प्रदेशातून मेक्सिकोत आलेल्या लोकांनी उभ्या सळईवर मांस भाजण्याची रीत पुएब्ला शहरात आणली. तेथे ‘टाकोस आराबेस’ तयार झाले. पुढे मेंढ्याच्या जागी डुकराचे मांस आले, मसाल्याच्या जागी मिरचीचे लाल वाटण आले आणि पावासारख्या जाड पोळीऐवजी मक्याची टॉर्टिया आली.

सळईवरच्या त्या लाल शंकूला ‘त्रोंपो’ म्हणतात. चांगला टाकेरो, म्हणजे टाको करणारा, बाहेरचा भाजलेला थरच तासतो, आतल्या कच्च्या भागाला सुरी लागू देत नाही, आणि शेवटी वर खोचलेल्या अननसाला सुरीचे टोक असे लावतो की चकती उडून थेट टॉर्टियावर पडते. गर्दी नसताना भाजलेले मांस तव्यावर पुन्हा गरम करून देतात. ते खाण्यास हरकत नाही, पण खरी चव सळईवरून थेट उतरलेल्या तुकड्यांची.

५. मी शाकाहारी आहे. गाडीवर मला काय खाता येईल?

पदार्थ आहेत, पण विचारून घ्यावे लागते. भाजलेल्या पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या व चीज, म्हणजे ‘राहास’, निवडुंगाची कोवळी पाने, म्हणजे ‘नोपालेस’, चीजची केसादिया (टॉर्टियात सारण घालून, दुमडून तव्यावर भाजलेला पदार्थ), आणि पुएब्ला किंवा मेक्सिको सिटीकडील कुटुंबाची गाडी असेल तर भोपळ्याच्या फुलांची किंवा ‘वित्लाकोचे’ या मक्यावरच्या काळ्या बुरशीची केसादिया. ही शेवटची दिसायला अनाकर्षक असली तरी आळंबी आवडणाऱ्यांनी अवश्य खावी.

अडचण मांसाच्या तुकड्यांची नसून चरबीची आहे. घोटलेल्या बीन्समध्ये बहुधा डुकराची चरबी, म्हणजे ‘मांतेका’, असते. तामालेच्या पिठात ती जवळजवळ ठरलेली असते, मग आत नुसती मिरची-चीज का असेना. भात पुष्कळदा कोंबडीच्या रश्शात शिजवलेला असतो. आणि मैद्याच्या टॉर्टियातही चरबी असू शकते. म्हणून ‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, एवढे सांगून भागत नाही. ‘तिएने मांतेका?’ म्हणजे यात चरबी आहे का, असे स्पष्ट विचारावे. मक्याच्या टॉर्टियात सामान्यतः मका, चुना आणि पाणी याखेरीज काही नसते.

‘एलोते’ या मक्याच्या कणसावर मेयोनीज लावतात आणि त्यात अंडे असते. अंडे चालत नसेल तर ‘सिन मायोनेसा’ म्हणावे. तवा आणि उलथणे बहुधा एकच असते. त्याच तव्यावर मांस भाजलेले तुम्हाला चालत नसेल, तर टाको टाळून फळांच्या गाडीकडे वळणेच योग्य (प्रश्न ७ पाहावा).

६. गोमांस किंवा डुकराचे मांस टाळायचे असेल तर कोणती नावे लक्षात ठेवावीत?

गाडीवर ‘आसादा’, ‘सुआदेरो’, ‘लेंग्वा’, ‘काबेसा’ आणि ‘त्रिपास’ ही सामान्यतः गायी-बैलाच्या मांसाची नावे आहेत. ‘पास्तोर’, ‘कार्नितास’ आणि ‘बुचे’ डुकराचे. ‘चोरिसो’ही बहुधा डुकराचेच. ‘पोयो’ म्हणजे कोंबडी, ‘कामारोन’ म्हणजे कोळंबी आणि ‘पेस्कादो’ म्हणजे मासे.

सर्वाधिक गोंधळ ‘बिर्रिया’चा, म्हणजे मिरची-मसाल्यात मंद शिजवलेल्या मांसाचा, होतो. हालिस्को प्रांतातील पारंपरिक बिर्रिया बोकडाची असते, म्हणून मराठी मंडळी निश्चिंतपणे मागवतात; परंतु लॉस एंजेलिसमध्ये चीजसह मिळणारी, रश्शात बुडवून खाण्याची बिर्रिया तिहुआना या मेक्सिकोच्या सीमेवरील शहराच्या पद्धतीची असून ती बहुतेक ठिकाणी गोमांसाची असते. बोकडाची हवी असेल तर ‘दे चिवो?’ असे विचारून खात्री करावी.

७. जैन आहार किंवा उपवास असल्यास?

इंद्रधनुषी छत्रीखालच्या फळांच्या गाड्या शहरभर असतात. आंबा, कलिंगड, अननस, काकडी, नारळ यांचे लांब काप करून त्यांवर लिंबू, मीठ आणि मिरचीपूड घालतात. कांदा-लसणाचा संबंध येत नाही. ‘हिकामा’ हा पांढरा, कुरकुरीत पदार्थ मात्र जमिनीखालचा कंद आहे, तेव्हा जैन वाचकांनी तो वगळायला सांगावा. उपवासाला मिरचीपूड चालते की नाही हे घराघरांच्या रीतीवर अवलंबून आहे. नको असल्यास ‘सिन चिले’ म्हणावे.

८. साल्सा किती तिखट असते?

हिरवी साल्सा बहुधा सौम्य असते आणि ‘चिले दे आर्बोल’ची लाल साल्सा तिखट. केशरी रंगाची हाबानेरोची असेल तर आपल्याकडील तिखट खाणाऱ्यांनीही आधी थेंबभर चाखून पाहावी. मिरची ही मूळची मेक्सिकोचीच. पोर्तुगीजांमार्फत ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचली. त्यामुळे कोकणी तोंडाला ही चव परकी वाटत नाही. पातळ, फिकट हिरवी दिसणारी साल्सा ॲव्होकॅडोची असते असे गृहीत धरू नये; तशी दिसणारी मिरचीचीही असते.

९. टॉर्टियाला चुन्यासारखा वास का येतो, आणि एका टाकोला दोन टॉर्टिया का देतात?

वास चुन्याचाच असतो. मका चुन्याच्या निवळीत उकळून रात्रभर भिजवतात, धुतात आणि मग वाटतात. हजारो वर्षे चालत आलेल्या या प्रक्रियेमुळे साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. मका जगभर गेला, पण ही कृती त्याच्याबरोबर गेली नाही. त्यामुळे युरोप व अमेरिकेत मक्यावरच जगणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा हा रोग पसरला.

दोन टॉर्टिया देण्याचे कारण व्यावहारिक आहे: लहान, मऊ टॉर्टिया रसाने फाटते. खाली सांडलेले मांस दुसऱ्या टॉर्टियात घेऊन बरेच जण त्याचा आणखी एक टाको करतात. गहू वर्ज्य असणाऱ्यांनी ‘दे माईस’, म्हणजे मक्याची, असे सांगावे, कारण बुर्रितो (सारण भरलेली मोठी गुंडाळी) मैद्याच्या पोळीचाच असतो.

१०. पदपथावरचे खाणे सुरक्षित आहे हे कसे ओळखावे?

कॅलिफोर्नियाच्या अन्नसंहितेप्रमाणे गरम पदार्थ ५७ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानावर, आणि थंड पदार्थ ५ अंश किंवा त्याहून कमी तापमानावर ठेवावे लागतात. तुमच्याकडे तापमापक नसला तरी वाफ येते की नाही आणि साल्साची भांडी बर्फात बसवली आहेत की नाही, हे दिसतेच. कच्च्या मांसाचा चिमटा आणि शिजलेल्याचा चिमटा वेगळा आहे का, पैसे घेणारा हात अन्नाला लागतो का, हात धुण्याची सोय आहे का, हे पाहावे. रांग मोठी असणे ही चांगली खूण आहे, कारण तेथे पदार्थ पडून राहत नाही.

काउंटीच्या आरोग्य विभागाचे प्रमाणपत्र गाडीवर लावलेले असेल तर उत्तमच. ते नसणे म्हणजे अन्न वाईट, असा अर्थ मात्र होत नाही. असे का, ते प्रश्न १२ मध्ये सांगितले आहे.

११. या गाड्या कायदेशीर आहेत का?

होय, पदपथावर विक्री करणे आता गुन्हा नाही. लॉस एंजेलिसने २०१७ च्या आरंभी फौजदारी शिक्षा काढून टाकली. सप्टेंबर २०१८ मध्ये राज्यपाल जेरी ब्राउन यांनी राज्याच्या ९४६ क्रमांकाच्या विधेयकावर सही केली आणि १ जानेवारी २०१९ पासून ते कॅलिफोर्नियाभर लागू झाले. त्यानुसार कोणत्याही शहराला पदपथावरील विक्रीवर सरसकट बंदी घालता येत नाही. निर्बंध घालायचे तर ते आरोग्य, सुरक्षितता किंवा लोकहित यांच्याशी प्रत्यक्ष निगडित असावे लागतात. स्पर्धा नको, ही सबब चालत नाही. नियमभंगाला तुरुंगवास नसून प्रशासकीय दंड आहे: पहिल्या वेळी १००, दुसऱ्या वेळी २०० आणि वर्षभरात त्यापुढे दर वेळी ५०० डॉलरपर्यंत. विनापरवाना विक्रीसाठी हेच आकडे २५०, ५०० आणि १,००० आहेत.

१२. कायदेशीर असूनही अधिकारी अन्न व सामान का उचलून नेतात?

सर्वाधिक गैरसमज याच प्रश्नावर आहेत. पदपथ वापरण्याचा परवाना शहर देते. अन्न विकण्याचा परवाना काउंटीचा आरोग्य विभाग देतो. (लाँग बीच, पासाडेना आणि व्हर्नन या शहरांचे आरोग्य विभाग स्वतंत्र आहेत.) ९४६ क्रमांकाच्या कायद्याने पहिला दरवाजा उघडला, पण दुसरा तसाच राहिला. अन्नसंहितेचे नियम मुळात ट्रक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असल्यामुळे भांडी धुण्यासाठी अनेक कप्प्यांचे सिंक, हात धुण्याचे वेगळे सिंक आणि पाण्याच्या टाक्या एवढ्या गोष्टी गाडीवर बसवाव्या लागत. तसे केल्यास गाडी पदपथावर मावत नसे आणि एका माणसाला ढकलवतही नसे. फळ कापणे हीसुद्धा गाडीवर मनाई असलेली ‘तयारी’ ठरत होती. ज्यांच्यासाठी कायदा झाला त्यांनाच तो पाळणे अशक्य होते. माझ्या मते हा सरळ अन्याय होता.

२०२२ मध्ये संमत होऊन १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या ९७२ क्रमांकाच्या कायद्याने ‘लहान फिरती अन्नविक्री’ असा वेगळा वर्ग निर्माण केला, उपकरणांच्या अटी शिथिल केल्या, मर्यादित तयारीला मुभा दिली आणि काही अटींवर परवानाधारक घरगुती स्वयंपाकघराचा आधार घेऊ दिला. तरीही उघड्यावर मोठा तवा आणि त्रोंपो लावणाऱ्या मांडवांना या सवलतीत बसणे कठीण जाते, आणि जप्तीच्या कारवाया बहुधा त्यांच्यावरच होतात.

१३. एका कुटुंबाला परवान्यांसाठी किती खर्च येतो?

शहराचा वार्षिक पदपथ-परवाना पूर्वी २९१ डॉलरला होता; २०२४ मध्ये तो २७.५१ डॉलरवर आणला गेला. विक्रीकराची नोंदणी राज्याकडे विनामूल्य होते. खरा भार इतरत्र आहे: आरोग्य विभागाचे शुल्क, मंजूर नमुन्याची गाडी, आणि रात्री ती ठेवण्या-धुण्यासाठी ‘कमिसरी’ नावाच्या सामायिक जागेचे मासिक भाडे. गाडीचाच खर्च काही हजार डॉलरच्या घरात जातो आणि बँका अशा धंद्याला सहजी कर्ज देत नाहीत, म्हणून पैसा नातेवाइकांकडून किंवा ‘तांदा’मधून, म्हणजे आपल्याकडील भिशीसारख्या व्यवस्थेतून, उभा केला जातो.

१४. २०२५ च्या उन्हाळ्यात बऱ्याच गाड्या दिसेनाशा का झाल्या?

जून २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या स्थलांतर विभागाने लॉस एंजेलिस परिसरात मोठ्या प्रमाणावर छापे घातले. पदपथावर उभा असलेला माणूस सर्वांत आधी नजरेस पडतो, त्यामुळे अनेक कुटुंबांनी घराबाहेर पडणेच थांबवले. ज्या घरात संध्याकाळच्या विक्रीवर भाडे भरले जाते तेथे याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको. शेजाऱ्यांनी व स्वयंसेवी गटांनी दिवसाचा सगळा माल एकदम विकत घेऊन काही विक्रेत्यांना घरी पाठवले, ही त्या दिवसांतील दिलासा देणारी गोष्ट होती.

गाडीवाल्याला त्याच्या कागदपत्रांविषयी विचारू नये, आणि परवानगीवाचून त्याच्या कुटुंबाचे चेहरे दिसतील अशी छायाचित्रे प्रसिद्ध करू नयेत. ९४६ क्रमांकाच्या कायद्यानेही परवान्यासाठी सामाजिक सुरक्षा क्रमांकाऐवजी वाहनचालक परवाना, करदाता क्रमांक किंवा नगरपालिकेचे ओळखपत्र चालवून घ्यायला सांगितले आहे.

१५. पैसे कसे द्यावेत? घासाघीस चालते का?

रोख रक्कम जवळ ठेवावी. आता बऱ्याच गाड्या मोबाइलवरूनही पैसे घेतात. घासाघीस करू नये. टिप सक्तीची नाही, पण डबा ठेवलेला असतो आणि त्यात काही टाकणे उचित. अनेक गाड्यांवर आधी खाऊन मग हिशेब करण्याची पद्धत आहे; तेव्हा किती टाको खाल्ले ते प्रामाणिकपणे सांगावे.

१६. घरच्या कार्यक्रमाला टाकोवाल्यांना बोलावता येते का?

येते, आणि या कुटुंबांच्या उत्पन्नाचा तो मोठा आधार असतो. अशा बोलावण्याला ‘ताकिसा’ म्हणतात. दर माणशी ठरतो, किमान संख्या सांगितली जाते आणि काही रक्कम आगाऊ द्यावी लागते. मराठी घरांच्या दृष्टीने एक सूचना: शाकाहारी पाहुणे असतील तर वेगळा तवा आणि वेगळे उलथणे आणण्याचे बोलणे आधीच करावे, आणि बीन्स तेलात करायला सांगावे. बहुतेक जण आनंदाने करतात. वसाहतीच्या सभागृहात कार्यक्रम असेल तर व्यवस्थापन विम्याचे प्रमाणपत्र मागते. सगळ्या लहान गाड्यांकडे ते नसते, म्हणून आधी चौकशी करावी.

१७. याच कायद्याखाली आम्हाला वडापावची गाडी लावता येईल का?

कायदा पदार्थाचा देश पाहत नाही, त्यामुळे तत्त्वतः होय. उकळत्या तेलात तळणे आणि पाव-चटणी साठवणे यांसाठी आरोग्य विभाग कोणती उपकरणे मागेल, हे आराखडा दाखवून आधी विचारून घ्यावे लागेल. परंतु प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बरेच जण विद्यार्थी किंवा नोकरीच्या व्हिसावर असतात, आणि त्यांच्यासाठी खरी अडचण तेथे आहे: विद्यार्थी व्हिसावर परवानगीवाचून असे काम करता येत नाही, आणि एच-१बी व्हिसावर ज्या मालकासाठी तो मिळाला त्याच्याचकडे काम करता येते. स्वतःच्या गाडीवर विनावेतन उभे राहणेही काम समजले जाऊ शकते. इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय पाऊल उचलू नये.

१८. भारतातील २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमापेक्षा हा कायदा वेगळा कसा?

भारतीय कायदा सर्वेक्षण, विक्री-प्रमाणपत्र आणि नगर पथविक्रेता समिती यांवर उभा आहे. समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत आणि सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कोणाला हटवू नये, असे तो सांगतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात समिती नाही, पण सुरक्षिततेचे ठोस कारण नसताना विक्रेत्यांच्या संख्येवर मर्यादा घालायला मनाई आहे. विक्रेत्यांना निर्णयात बसवण्याची भारतीय तरतूद मला अधिक चांगली वाटते. लॉस एंजेलिसच्या विक्रेत्यांना हे स्थान संघटना बांधून, वर्षानुवर्षे सभागृहाच्या सुनावण्यांना हजर राहून मिळवावे लागले.

१९. परवाना असूनही गाडी कुठे लावता येत नाही? शेजारच्या दुकानदाराने हरकत घेतली तर?

केवळ निवासी असलेल्या भागात शहर एका जागी उभ्या राहणाऱ्या गाडीला मनाई करू शकते, मात्र फिरत विकणाऱ्याला नाही. शेतकरी बाजार किंवा परवानगीचा आठवडी बाजार भरलेला असताना त्याच्या लगतही मनाई करता येते, आणि ज्या उद्यानात एखाद्या कंत्राटदाराला विक्रीचा एकमेव हक्क दिला आहे तेथेही. चालणाऱ्यांना आणि चाकाच्या खुर्चीला वाट मोकळी ठेवणे सर्वत्र बंधनकारक आहे. हॉलिवूड बुलेव्हार्डसारख्या गर्दीच्या ठिकाणी शहराने घातलेली बंदी २०२४ मध्ये उठवण्यात आली.

दुकानदाराच्या हरकतीचे उत्तर कायद्यात स्पष्ट आहे: विक्रेत्याने कोणत्याही खाजगी व्यक्तीची किंवा संस्थेची संमती आणावी, अशी अट शहराला घालता येत नाही. दुकानाचे दार अडवले जात असेल तर तक्रार रास्त आहे. आपल्या समोर टाको विकतात म्हणून गिऱ्हाईक कमी झाले, ही तक्रार या कायद्यात बसत नाही. गाडी पदपथावर नसून दुकानाच्या खाजगी वाहनतळावर असेल, तर मात्र हा कायदा लागू होत नाही आणि तेथे जागेच्या मालकाची परवानगी लागते.